शॉकअप गेले असं नका सांगू, आवाज कधी येतो ते सांगा

पत्र

मी नागपुरात मानेवाड्याला राहते, शाळेत शिकवते. गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, ६१ हजार किलोमीटर झालेली. मिस्टर चंद्रपूरला नोकरीला आहेत, शनिवार-रविवार घरी येतात. त्यामुळे गाडी चालवणं आणि गॅरेजला नेणं दोन्ही माझ्याकडे. दोन महिन्यांपासून समोर डावीकडून खट-खट आवाज येत होता. एसी चालत्या गाडीत बरा, पण सिग्नलवर थांबलं की गरम हवा. दीर म्हणाले, शॉकअप गेले असतील. मी गॅरेजमध्ये तेच सांगितलं, एसी गार करत नाही म्हणाले आणि वर म्हटलं, ‘सर्व्हिसिंगही करा, काय लागेल ते बघून घ्या.’ बिल आलं साडेचौदा हजार. समोरचे दोन्ही शॉकअप नवे, एसीत गॅस, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, काय काय. चार दिवस आवाज बंद होता, मग परत सुरू. एसी होता तसाच. फोन केला तर मिस्त्री म्हणतो, ‘मॅडम, तुम्हाला नाही समजणार, सरांना फोन द्या.’ सासरे म्हणतात, गाडी दिली की डोक्यावर उभं राहायचं, नाहीतर हे लोक लुटतात. पुढच्या महिन्यात लग्नासाठी समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगरला जायचं आहे. गॅरेज बदलू का? आणि या लोकांशी बोलायचं तरी कसं?

— एक शिक्षिका, मानेवाडा

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही मला लिहिलीत आणि मिस्त्रीला सांगितली नाही. एसी चालत्या गाडीत बरा, सिग्नलवर गरम. तिथे मात्र ‘एसी गार करत नाही’ एवढंच सांगितलंत. या दोन वाक्यांत दोन हजारांचा तरी फरक आहे.

कसा ते बघा. एसीच्या गॅसने गाडीतली उष्णता ओढून घेतली की ती बाहेर टाकायचं काम समोरच्या जाळीमागे बसवलेला कंडेन्सर करतो. गाडी पळत असते तेव्हा त्याला वारा आयता मिळतो. गाडी उभी राहिली की त्याच्यामागचा पंखा ओढेल तेवढाच वारा. म्हणजे फक्त सिग्नलवरच गार होत नसेल तर पहिला संशय पंख्यावर, त्याच्या रिलेवर (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच), नाहीतर धुळीने आणि किड्यांनी बुजलेल्या कंडेन्सरवर जातो. गॅसचा नंबर त्यानंतर. आणि गॅस काही पेट्रोलसारखा खर्च होत नाही. ती बंद नळी आहे. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे. म्हणून ‘गॅस भरला’ असं कोणी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: किती कमी होता, आणि गेला कुठून? याचं उत्तर नसेल तर तुम्ही गॅसचे पैसे दिलेत, दुरुस्तीचे नाही.

आणखी एक. गॅरेजवाला एसी तपासतो सकाळी दहाला शेडच्या सावलीत, नाहीतर संध्याकाळी गाडी परत देताना. तेव्हा नागपुरातला कुठलाही एसी ठीकच वाटतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना, दुपारी दोनला, गाडी उभी ठेवून दहा मिनिटं चालवला तरच तुमची तक्रार त्याला दिसेल. हे तुम्ही सांगितल्याशिवाय तो करणार नाही. त्याच्या मनात काळंबेरं असेलच असं नाही, पण त्याला दुपारी दोनला इतर चार गाड्या असतात.

आता शॉकअप. हे थोडं कडू लागेल. दोन्ही शॉकअप बदलण्याचा खर्च गॅरेजइतकाच तुमच्या दिरांच्या नावावर मांडायला हवा. केमिस्टकडे जाऊन गोळीचं नाव सांगितलं तर तो गोळी देतो, नाडी बघत नाही. तुम्ही पार्टचं नाव सांगितलंत, त्याने पार्ट टाकला. उद्या भांडायला गेलात तर तो म्हणेलच, ‘तुम्हीच म्हणल्या ना मॅडम, शॉकअप गेले म्हणून.’ आणि ते खोटं नसेल. चांगल्या मिस्त्रीने तरीही आधी तपासलं असतं, हेही खरं. पण गिऱ्हाईक स्वतः पार्ट सांगतंय आणि पैसे द्यायला तयार आहे, तर ‘थांबा, आधी खाली बघू’ म्हणणारे थोडेच.

म्हणून पार्टचं नाव घ्यायचंच नाही. तुम्हाला जे ऐकू येतं, दिसतं, हाताला-पायाला जाणवतं, तेवढंच सांगायचं, पण ते पूर्ण सांगायचं. खट-खट येतं म्हणजे कधी? किती वेगाला? गाडी सकाळी थंड असताना की तासभर चालल्यावर? सरळ रस्त्यावर की स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर? ब्रेक दाबला की वाढतं की थांबतं? एकटीच असताना येतं की मागे तिघं बसले की? तुम्ही मानेवाड्याच्या आहात म्हणून सांगतो, घराजवळच प्रयोग होईल. सिमेंट रोडवरून कडेच्या गट्टूवर उतरताना जो धक्का बसतो, तिथे वीसच्या वेगाने एकदा डावं चाक उतरवा, एकदा उजवं. खिडक्या उघड्या, एसी आणि गाणी बंद. मग मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. पंधरा मिनिटांत जे कळेल ते मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचवेल.

कारण त्याच्यासाठी प्रत्येक आवाजाचा पत्ता वेगळा असतो. पूर्ण वळताना टक-टक-टक आलं तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटकडे बघेल. वेगाबरोबर चढत जाणारी घूं-घूं असेल तर बेअरिंग किंवा टायर. ब्रेक दाबल्यावर चीं करत असेल तर ब्रेक पॅड. खड्ड्यात खट-खट झालं तर लिंक रॉड, लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, शॉकअपचा वरचा माउंट (तो गाडीला जिथे जोडतात ती बैठक), अशी चाकाजवळच्या जोडांची मोठी रांग आहे आणि शॉकअप त्या रांगेत एकटा नाही.

तुमच्या बाबतीत ‘चार दिवस आवाज बंद होता’ हीसुद्धा मोठी खूण आहे, ती विसरू नका. शॉकअप बदलताना बऱ्याच गाड्यांत लिंक रॉडचा नट खोलावा लागतो आणि वरचा माउंट काढून नव्या शॉकअपवर बसवावा लागतो. नट नीट आवळला गेला नसेल किंवा जुनाच माउंट परत बसवला असेल, तर असं होऊ शकतं. पण कृपा करून गॅरेजमध्ये जाऊन ‘लिंक रॉड गेला’ असं सांगू नका, नाहीतर दिरांच्या जागी मी येईन. ‘काम झाल्यावर चार दिवस आवाज नव्हता, पाचव्या दिवशी आला’ एवढंच सांगा. यातून काय समजायचं ते त्याला समजतं.

सगळ्यात उत्तम म्हणजे ट्रायल. गाडी देताना मिस्त्रीला शेजारी बसवा, चालवा तुम्ही, आणि आवाज त्याच्या कानावर घाला. जो माणूस प्रत्यक्ष काम करणार आहे तोच बसला पाहिजे. मोठ्या वर्कशॉपमध्ये काउंटरवरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तुमचं बोलणं जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या कागदावर, ‘फ्रंट नॉइज चेक’ अशा तीन शब्दांत उतरवतो आणि आतल्या मेकॅनिकला तेवढंच मिळतं. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी ते वाचा. तुमचं वाक्य तिथे नसेल तर लिहायला लावा.

घरून निघण्यापूर्वी एक मेसेजही टाका. साधारण असा:

‘गाडी ६१,४०० किमी. मागच्या महिन्यात तुमच्याकडे शॉकअप, एसी गॅस, ऑइल झालं आहे. १) समोर डावीकडून खट-खट, २० ते ३० च्या स्पीडला, गट्टूवर उतरताना आणि स्पीडब्रेकरवर. वळताना नाही, ब्रेकला नाही. काम झाल्यावर चार दिवस बंद होता. २) एसी चालत्या गाडीत गार, सिग्नलवर दोन मिनिटांनी गरम. दुपारी तपासा. फक्त तपासून कारण सांगा, काही बदलू नका. ५०० रुपयांच्या वरचं कुठलंही काम माझ्या होकाराशिवाय नको. मी वर्गात असते, फोन १२ ते १ मध्ये उचलते. बाकी वेळ फोटो टाकून ठेवा. होकार आला नाही तर थांबा. काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवा.’

यातली फोनची वेळ फालतू वाटेल, पण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. साडेअकराला मिस्त्री गाडी खोलतो, काहीतरी सापडतं, तुम्हाला फोन लावतो. तुम्ही सातवीच्या वर्गात, फोन सायलेंटवर. गाडी लिफ्टवर चढलेली, मागे दुसरी गाडी उभी. तो किती वेळ वाट बघणार? ‘काय लागेल ते बघून घ्या’ हे तुमचंच वाक्य त्याला आठवतं आणि तो बघून घेतो. ते वाक्य आजपासून बंद. गॅरेजमध्ये ते म्हणजे सही केलेला कोरा चेक.

जुन्या पार्टचं मात्र गाडी देतानाच सांगायचं. संध्याकाळी मागितलं तर ते भंगारात गेलेले असतात किंवा ‘पोरानं फेकले’. बॅटरीसारख्या वस्तूवर जुनी परत घेऊन सूट देतात, ती राहू द्या. बाकीचं तुमचं आहे. घरी नेऊन काही करायचं नसतं. नुसतं ‘दाखवा’ म्हटलं तरी काम वेगळं होतं.

इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करण्याचं काय, असं तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण बिलात आहे म्हणून बोलतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीचं मॅन्युअल आहे. त्यात किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय करायचं याचा तक्ता असतो. ऑइल कुठल्या ग्रेडचं, कूलंट कधी, एअर फिल्टर कधी, स्पार्क प्लग कधी. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तक्त्यात नसलेलं काही कोणी सुचवलं तर ‘का?’ विचारा. गाडी सुरू होऊन आयडलला थरथरते, रेस धरत नाही, असं काही असेल तर थ्रॉटल साफ करण्याला अर्थ आहे. नुसतं ‘साठ हजार झाले ना मॅडम’ हे कारण नव्हे. अनेक वर्कशॉपमध्ये अशा जादा कामांवर अ‍ॅडव्हायझरला इन्सेंटिव्ह असतो, त्यामुळे ती आग्रहाने सुचवली जातात. ‘यावेळी नको, पुढच्या वेळी बघू’ हे वाक्य चेहऱ्यावर हसू ठेवून म्हणायची सवय करा. ऑइल मात्र बिलावर ग्रेडसकट लिहून घ्या आणि डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडे कोणाला पटत नाही. तपासणीचे पैसे द्या. स्वतःहून द्या. आपण गॅरेजमध्ये जातो आणि म्हणतो, ‘भाऊ, जरा बघा ना काय आवाज येऊन राहिला.’ तो तासभर गाडीखाली आडवा होतो, पत्र्याच्या शेडमध्ये, पाठीखाली पुठ्ठा आणि कपाळावरून घाम. आणि मग आपण ‘बरं, विचार करून सांगतो’ म्हणून निघतो. त्या तासाचे पैसे त्याला कुठून मिळणार? पार्टमधून. म्हणजे काहीतरी बदलल्याशिवाय त्याची कमाई नाही, ही व्यवस्था आपणच करून ठेवली आहे. ‘तपासायचे काय होतील ते घ्या, पण नेमकं कारण सांगा, बदलायचं की नाही ते मग ठरवू’ असं म्हणून बघा. तीन-चारशे रुपये जातील. पण ज्याला फक्त डोकं वापरण्याचे पैसे मिळतात तो डोकं वापरतो.

सासऱ्यांचं डोक्यावर उभं राहणं मला अर्धंच पटतं. पहिला अर्धा तास थांबा: ट्रायल होईपर्यंत, गाडी लिफ्टवर चढून मिस्त्री टॉमी (लोखंडी पहार) लावून हलवून बघेपर्यंत. ‘हे बघा, इथे खेळ आहे’ असं तो दाखवतो तो क्षण चुकवू नका. हाताला खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवतो, फाटलेलं रबर डोळ्यांना दिसतं, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. त्यानंतर निघा. दिवसभर खुर्ची टाकून बसलेल्या गिऱ्हाइकाची गाडी लवकर हातावेगळी करतात, चांगली करतातच असं नाही. जाताना गाडी सकाळी पहिली लावा आणि शनिवार टाळा.

आणि ‘सरांना फोन द्या.’ याला लांबलचक उत्तर नको. ‘गाडी मी चालवते, आवाज मी ऐकते, पैसे मी देते. मला सांगा, नाही समजलं तर परत विचारीन.’ आवाज न चढवता, पण पुढे गप्प राहून. हे ऐकून बहुतेक जण वरमतात आणि नीट समजावून सांगतात. अनेकांना कोणी नीट विचारलेलंच नसतं. त्यांच्या रजिस्टरमध्ये गाडीपुढे मिस्टरांचा नंबर लिहिलेला असेल तर तो बदलून तुमचा लिहायला सांगा, नाहीतर एस्टिमेटचे फोन चंद्रपूरलाच जात राहतील. हे सगळं करूनही तो सरांनाच मागत असेल तर गॅरेज बदला. चारचाकीचं काम येतं पण समोरच्या माणसाशी बोलता येत नाही, अशा मिस्त्रीकडे गाडी देऊन तुम्ही प्रत्येक वेळी अंदाजाने पैसे मोजाल.

पण आज लगेच नको. काम त्यानेच केलं आहे, शॉकअप त्यानेच टाकले आहेत, तेव्हा एकदा त्याच्याकडेच जा. दुसऱ्याकडे गेलात की नवा म्हणेल ‘यानं बसवलंच चुकीचं’, जुना म्हणेल ‘मी दिलं तेव्हा ठीक होतं’, आणि तुम्ही मधोमध. जाताना आरोप घेऊन जाऊ नका, बिल घेऊन जा. ‘शॉकअप टाकले, चार दिवसांनी आवाज परत आला. तेव्हा माउंट नवा टाकला होता की जुनाच? एकदा माझ्यासमोर चढवून बघू.’ बसवण्यातच चूक निघाली तर लेबर घ्यायचं नाही, हे तोही मान्य करेल. मान्य न करणाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा लेखी मेसेज टाका आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.

बिल पक्कं आहे ना? ‘जीएसटी नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ म्हणून कोणी वहीच्या पानावर आकडे लिहून दिले असतील, तर वाचलेले पैसे आता महाग पडतील. छोट्या गॅरेजची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण नाव, तारीख, गाडी नंबर, पार्ट आणि लेबर वेगवेगळं लिहून सही केलेलं बिल तोही देऊ शकतो. पार्टची गॅरंटीही तोंडी न ठेवता त्यावरच लिहून घ्या: किती महिने, किती किलोमीटर. सदोष सेवा ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार होऊ शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. साडेचौदा हजारांसाठी लगेच तिथे जा असं मी म्हणत नाही. पण कागद हातात असला की गॅरेजमधलं बोलणंही सरळ होतं.

समृद्धीचं बोलणं वेगळं करा, ते खट-खटीत मिसळू नका. नागपूरहून संभाजीनगर चारशे किलोमीटरच्या वर आहे, छोट्या गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि रस्ता सरळ असल्यामुळे तासन् तास तोच वेग राहतो. शहरात चाळीसच्या वर न जाणाऱ्या गाडीसाठी हे अगदी निराळं काम आहे. मिस्त्रीला सांगा, ‘चौघं जण, सामानासकट, शंभर-एकशेवीसच्या स्पीडने चार-पाच तास सलग जाणार.’ मग तो टायर, बेअरिंग, कूलंट, बेल्ट आणि ब्रेक त्या नजरेने बघेल. टायरवर चार आकडी नंबर असतो. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. गाडीबरोबर आलेलेच टायर अजून असतील तर नक्षी शिल्लक दिसली तरी त्यांचं वय झालं आहे. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसल्या की या प्रवासाआधीच बदला. शॉकअपवर गेले त्यापेक्षा हे पैसे जास्त कामाचे. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर भरल्या गाडीसाठी जो आकडा दिला असेल तेवढीच.

हे सगळं निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. दहा-बारा दिवस आधी काम उरका, मग आठवडाभर शाळेला ये-जा करा आणि एखाद्या रविवारी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या. काही सुटलं असेल तर ते घराजवळ कळेल आणि परत गॅरेज गाठायला वेळ राहील. स्टेपनीची हवा आणि जॅक-पाना जागेवर आहे की नाही तेही त्याच दिवशी बघा; सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीतून पाना परत येत नाही, असं बऱ्याचदा होतं.